वाचकांचे प्रश्न : अकरावीत शाळेत जायचे कशासाठी?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. मुलगा सीबीएसईच्या शाळेत असून यंदा अकरावी विज्ञान शाखेत गेला आहे. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेसाठी भंवरकुआँ भागातील एका क्लासमध्ये त्याचे नाव घातले. आता क्लासवाले सांगतात की नाव केवळ पटावर राहील अशी एक शाळा ते मिळवून देतील, मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलगा क्लासलाच बसेल. मुलाला जुनी शाळा सोडायची नाही. कारण विचारले तर ‘मित्र तिथे आहेत’ एवढेच म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, मित्र काय, पुढेही मिळतील. आम्ही काय करावे?
– एक आई, इंदूर

उत्तर : आधी नियमांचे पाहू, कारण ती बाजू थोडक्यात सांगता येते. सीबीएसईच्या बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के उपस्थिती आवश्यक असते आणि आजारपणासारख्या गंभीर कारणाखेरीज तीत सवलत मिळत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये क्लासचालकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत शाळेच्या वेळेत क्लास घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, आठवड्याची सुटी द्यावी आणि त्या सुटीच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवू नये, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा तुमच्यासमोर ठेवलेली सोय या तत्त्वांना धरून नाही, आणि उपस्थितीची तपासणी झाली तर तिची झळ क्लासला न लागता तुमच्या मुलाला लागेल.

दुसरी गोष्ट गुणांची आहे. आयआयटीत प्रवेश घेताना बारावीलाही 75 टक्के गुण असावे लागतात, किंवा आपल्या मंडळातील वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या 20 टक्के विद्यार्थ्यांत, असावे लागते. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी टक्केवारीची अट 65 आहे. सीबीएसईत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. हे काम वर्षभर प्रयोगशाळेत उभे राहून, शेजारच्या मुलाबरोबर मोजमापे घेऊन, त्याची चूक आपण आणि आपली चूक त्याने दाखवून होत असते. पटावरच्या नावाने ते होत नाही.

आता मित्रांविषयी. ‘मित्र तिथे आहेत’ हे कारण आपल्या घरात किरकोळ ठरले असावे, असे पत्र वाचताना जाणवले. मला ते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत वजनदार कारण वाटते. सोळाव्या वर्षी मुलगा आई-वडिलांना जे सांगत नाही, ते तो मधल्या सुटीत, पाण्याच्या टाकीपाशी किंवा सायकल हातात धरून घरी परतताना कुणाला तरी सांगतो. चाचणीत गुण कमी पडले तर घरी पोचण्यापूर्वी ते दुःख निम्मे वाटून झालेले असते. क्लासमध्येही मुले भेटतात, परंतु तेथे शेजारी बसलेल्याचा क्रमांक दर चाचणीनंतर फलकावर लागतो, आणि ज्याच्याशी रोज तुलना होते त्याच्यापाशी मन मोकळे करणे फार थोड्या मुलांना जमते. पाचवी-सहावीपासूनचा मित्र पुढे सहज मिळेल, हे आपल्या यजमानांचे म्हणणे मला मान्य नाही.

माझे स्पष्ट मत असे की शाळा सोडवू नये आणि क्लास संध्याकाळचा घ्यावा. दिवसाची आखणी करताना मात्र झोपेपासून सुरुवात करावी. तेरा ते अठरा वर्षे वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात; शिवाय या वयात झोप येण्याची वेळ शरीरातच पुढे सरकते, त्यामुळे रात्री साडेनऊला डोळे मिटत नाहीत म्हणून मुलाला आळशी ठरवू नये. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठायचे असेल, तर दहाच्या सुमारास पुस्तक आणि मोबाइल दोन्ही बाजूला गेले पाहिजेत. मग शाळा, जेवण, क्लास आणि स्वतःचा अभ्यास बसवावा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेवावी, तिचा हिशेब विचारू नये. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहायला राजवाड्याकडे किंवा अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहायला तो मित्रांबरोबर जाणार असेल, तर जाऊ द्यावे. सणांना घरच्यांबरोबर राहता यावे अशी सुटी द्यावी, हेही त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

प्रश्न : बाबांची बदली झाल्यामुळे मी नाशिकहून इंदूरला आले आणि नववीत प्रवेश घेतला. वर्गातल्या मुली चांगल्या आहेत, पण त्यांचे गट पहिलीपासूनचे आहेत. डबा खाताना मी बहुतेक एकटी असते. हिंदी बोलताना चुका होतील म्हणून मी गप्प राहते. माझ्यात काही कमी आहे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्यात काही कमी नाही. आठ वर्षे एकत्र डबा खाणाऱ्या मुलींना नवी मुलगी एकटी बसली आहे हे बहुधा लक्षातच येत नाही. त्यात दुष्टावा नसतो. पूर्ण गटात शिरायचा प्रयत्न करू नकोस. शेजारच्या बाकावरची किंवा एकाच रिक्षाने येणारी अशी एक मुलगी निवड आणि तिला काहीतरी विचार : गृहपाठ, वही, अमुक सरांचा तास कसा असतो. मदत मागितल्यावर माणसे जवळ येतात, हे तुला लवकरच दिसेल.

हिंदीची भीती सोड. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या दोन्ही भाषा एका दमात बोलल्या जातात, तेव्हा तुझ्या वर्गातच एखादी मराठी मुलगी असण्याची बरीच शक्यता आहे. शाळेत एनसीसी, गाइड, खो-खो किंवा समूहगान यांपैकी जे असेल त्यात नाव दे, कारण तेथे जुने गट मोडून नवे पडतात आणि बोलण्यापेक्षा कामाला महत्त्व असते. दोन-तीन महिन्यांनंतरही सकाळी शाळेत जाऊ नये असे वाटत राहिले, पोट दुखू लागले किंवा कुणी मुद्दाम वगळत आहे असे दिसले, तर वर्गशिक्षिकांना आणि आईला त्याच दिवशी सांग.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मित्र स्कूटरने ट्यूशनला जातात म्हणून त्यालाही हवी आहे. द्यावी का?
– एक पालक

उत्तर : देऊ नये. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावरही 50 सीसीपर्यंतचे बिनगिअरचे वाहनच चालवण्याचा परवाना मिळतो, आणि बाजारातील नेहमीच्या स्कूटर त्याहून मोठ्या असतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तरीही त्याला मित्रांपासून वेगळे पडायचे नाही, ही त्याची अडचण खरी आहे. आपण एकट्याने नकार देण्यापेक्षा त्या मुलांच्या पालकांना घरी बोलवावे आणि सर्वांनी मिळून एक ई-रिक्षा महिन्यावर लावून घ्यावी.