परदेशात तयार मिक्स वापरून घरच्यासारखे पदार्थ जमतात का?

जमतात, पण सगळे नाहीत. भाजणी ही तर आपली जुनी रेडी मिक्सच. धान्य-डाळी भाजून दळलेल्या असतात, त्यामुळे टिकते. मी पिशवी फ्रीजरमध्येच ठेवतो. थालीपिठाला कोमट पाणी, भरपूर कांदा, कोथिंबीर. मध्ये भोक पाडून तेल सोडा आणि झाकण ठेवा.

ढोकळ्याच्या मिक्सचं गणित वेगळं. त्यात बहुधा सायट्रिक आम्ल आणि सोडा आधीच मिसळलेले असतात. पाकीट उघडं राहून ओल लागली की त्यांची झटापट डब्यातच उरकते आणि ढोकळा विटेसारखा निघतो (माझा निघालाय, दोनदा). जुन्या पिठात वाफवण्याआधी थोडं फ्रूट सॉल्ट घाला आणि मग मिश्रण अजिबात ताटकळत ठेवू नका, पाणी आधीच उकळलेलं हवं.

गुलाबजामचं पीठ मळायचं नाही, हलक्या हाताने गोळा करून पाच-दहा मिनिटं झाकायचं. तेल फार तापलं तर वरून काळे, आत कच्चे.

ग्रेव्हीची पाकिटं मला नाही पटत, मीठ फार. अर्धं पाकीट, फोडणी मात्र आपली.

भारतातून आणणार असाल तर नियम बघा. ऑस्ट्रेलियात उतरताना सामानातलं सगळं खाणं जाहीर करावंच लागतं, आणि युरोपियन युनियनमध्ये भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे दूध पावडर असलेली मिक्स तिथेच विकत घेतलेली बरी.