जुना पिकअप उशिरा सुरू होणे आणि मध्येच बंद पडणे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या पिकअपविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढेच लिहिलेले असते आणि लगेच कोणता भाग बदलावा, अशी विचारणा असते. या एका वाक्याचे दोन निराळे अर्थ होतात. किल्ली फिरवल्यावर सेल्फ फिरतच नसेल किंवा कण्हत फिरत असेल, तर बॅटरी, केबल आणि सेल्फ तपासावे लागतात. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन धरत नसेल, तर इंधन, ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी काय कमी पडते ते शोधावे लागते. हा फरक ज्यांनी लिहिला आहे, त्यांचेच प्रश्न येथे घेतले आहेत.

बॅटरी नवी आहे, हेडलाइटही लख्ख लागतात, तरी सकाळी सेल्फ मंद फिरतो. बॅटरी सदोष निघाली असेल का?

हेडलाइट लागणे हा बॅटरी ठीक असल्याचा पुरावा नाही, कारण दिव्यांना थोडे अँपिअर पुरतात आणि सेल्फला शेकडो लागतात. शिवाय नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी रिकामी आहे. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. हे सर्व ठीक असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास दोष अर्थिंगच्या केबलमध्ये किंवा तिच्या गंजलेल्या जोडात आहे. मीटर वापरण्याची सवय नसेल, तर दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ही तपासणी करून घ्यावी.

डिझेल पिकअप रात्रभर उभा राहिला की सकाळी फार वेळ सेल्फ मारावा लागतो. हँडपंप (डिझेल लाइनवरचा हाताने दाबायचा पंप) मारला तर मात्र लगेच सुरू होतो. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिनात सिलिंडर तापवणारे प्लग) बदलू का?

बदलू नका. हँडपंपाने गाडी सुरू होते, याचा अर्थ रात्रीतून डिझेल टाकीकडे परतते आणि लाइनमध्ये हवा शिरते. रबरी पाइप, त्यांचे क्लॅम्प, फिल्टरचे सील, पाणी काढण्याचा स्क्रू आणि खुद्द हँडपंप तपासावा. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या बाजूच्या फटीतून हवा आत जाते, पण डिझेल बाहेर गळेलच असे नाही. त्यामुळे ‘खाली थेंबही पडत नाही’ या म्हणण्याला अर्थ नाही. मेकॅनिकला तात्पुरती पारदर्शक नळी बसवायला सांगितल्यास बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फ्युएल पंप उघडण्याचा सल्ला कोणी दिला, तर ही तपासणी आधी करायला सांगावी.

थंडीत एअर फिल्टरपाशी ईथरचा स्प्रे मारला तर चालतो का?

हीटर प्लग असलेल्या डिझेल इंजिनात मुळीच नाही, कारण तापलेल्या प्लगवर ईथर अवेळी पेटून पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचे नुकसान होऊ शकते.

माझा पेट्रोल पिकअप इंजेक्शनचा आहे. अर्धा-पाऊण तास चालला की अचानक बंद पडतो. वीस मिनिटे थांबले की काहीच झाले नसल्यासारखा सुरू होतो. स्कॅनरवर कोड येत नाही. दोन महिन्यांत प्लग, कॉइल, फिल्टर आणि फ्युएल पंप बदलून झाले. कोणी म्हणते पेट्रोलची वाफ होते, तर गॅरेजवाले आता ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदला म्हणतात. काय करावे?

सर्वप्रथम ईसीयूचा विचार बाजूला ठेवावा. चार भाग बदलूनही दोष कायम आहे, यातून ते चारही भाग बहुधा चांगले होते एवढेच सिद्ध झाले. प्रत्येक भागाचे पैसे मात्र आपण भरले. भाग बदलून पाहणे याला निदान म्हणत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. ज्याच्याकडे मीटर आणि प्रेशर गेज नसते किंवा ते वापरण्याची सवड नसते, तो ग्राहकाच्या खर्चाने अंदाज बांधत राहतो, आणि एखादा अंदाज योगायोगाने बरोबर आला की तोच अनुभव म्हणून पुढच्या ग्राहकाला सांगितला जातो.

कोड नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे, कारण जुन्या प्रणालींमध्ये क्षणभर तुटणारा सिग्नल अनेकदा नोंदलाच जात नाही. कोड आला, तरी तो भागाचे नाव सांगत नाही. उदाहरणार्थ, पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या (इंजिनचे फिरणे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटकडे बोट दाखवतो, आणि त्या सर्किटमध्ये सेन्सरइतकेच कनेक्टर आणि वायरही येतात. वाफेची गोष्ट कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. इंजेक्शनच्या लाइनमध्ये साधारण २.५ ते ४ बार दाब असतो आणि त्या दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही.

आपल्या गाडीत गरम झाल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे ही सर्वांत मोलाची खूण आहे, आणि ती गाडी थंड असताना गॅरेजमध्ये कधीच सापडणार नाही. उष्णतेने आतली तार तुटणारा क्रँक सेन्सर, डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत इग्निशन मॉड्यूल, डाख सुटलेला मुख्य रिले हे या खुणेचे नेहमीचे मानकरी आहेत. नवा बसवला म्हणून फ्युएल पंपही निर्दोष धरता येत नाही. म्हणून गाडी बंद पडताच, ती थंड होण्याआधी, दोनच गोष्टी पाहायच्या असतात: त्या क्षणी ठिणगी आहे का आणि त्या क्षणी इंधनाचा दाब आहे का. दोन्ही एकदम गेले असतील, तर त्यांच्या सामाईक कारणांकडे, म्हणजे क्रँक सेन्सर, मुख्य रिले आणि इग्निशन स्विचकडे वळावे. अनेक गाड्यांमध्ये सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलला नाही, तर क्रँक सेन्सरवरचा संशय बळावतो. ईसीयूला दोष देण्यापूर्वी त्याला मिळणारा करंट आणि त्याचे अर्थिंग गरम अवस्थेत मोजलेले असले पाहिजे. दोष उद्भवेपर्यंत गाडी चालवून त्याच अवस्थेत मोजमाप करायला तयार असलेला तंत्रज्ञ शोधावा आणि मोजलेले आकडे लिहून मागावेत. चालती गाडी अचानक बंद पडण्याच्या दोषावर दोन महिने काढणे मात्र मला समजलेले नाही.

ब्रेक दाबून गाडी थांबवताना आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर) इंजिन बंद पडते. आयडलचा स्क्रू वाढवला तर?

दोष झाकला जाईल, जाणार नाही. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, अडकलेला आयडल व्हॉल्व्ह, तडकलेला व्हॅक्यूम पाइप किंवा उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) ही नेहमीची कारणे आहेत. ब्रेकवर पाय दाबून धरला की आयडल बिघडत असेल, तर ब्रेक बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) गळती आधी तपासून घ्यावी, कारण तिचा संबंध थेट ब्रेकशी आहे.

टाकीचे झाकण उघडले की ‘सूं’ असा मोठा आवाज येतो आणि मग गाडी नीट चालते.

झाकणाचा व्हेंट (हवा आत घेणारे छिद्र) बुजला असावा. त्याच गाडीचे योग्य झाकण बसवा, आणि फरक पडला नाही तर टाकीची व्हेंट लाइन तपासून घ्या.

बाटलीतले इंजेक्टर क्लीनर टाकून गाडी उशिरा सुरू होण्याचा आणि बंद पडण्याचा त्रास जातो, असे दुकानदार सांगतात.

तुटलेली वायर, गंजलेला जोड किंवा लाइनमध्ये शिरणारी हवा कोणत्याही द्रवाने दुरुस्त होत नाही. इंजेक्टर खरोखर घाण झाले आहेत, असे तपासणीत दिसल्यावर ते काढून स्वच्छ करून घ्यावेत.

उतारावर चालती गाडी बंद पडली आणि ब्रेक दगडासारखा झाला. एकदाच झाले आहे. गॅरेजला नेण्याची गरज आहे का?

आहे, आणि तीही टोइंग करून. इंजिन बंद पडल्यावर बूस्टरमध्ये जेमतेम एक-दोन वेळा पुरेल एवढाच व्हॅक्यूम उरतो, त्यामुळे ब्रेक पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरावा. पॉवर स्टीअरिंग जड होते, पण वळते. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टीअरिंग लॉक होते. कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत या गाडीत माल भरू नये.