‘गिल्टी वाटतंय’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा : ‘आईचा फोन तीन दिवस उचलला नाही, आता गिल्टी वाटतंय. इथे “लाज वाटते” म्हटलं तर चालेल का? की अपराधी वाटणं आणि लाज वाटणं वेगळं?’

चालेल, पण अर्थ सरकेल. आपले वाक्प्रचारच ऐका ना. लाजेच्या वाक्प्रचारांत तोंड असतं : तोंड लपवणं, तोंड दाखवायला जागा न उरणं; नाहीतर मान खाली जाते. ओशाळणं, वरमणं, खजील होणं हेही बहुधा कुणासमोर तरी. अपराधाचं सगळं आत चालतं. मन खातं, टोचणी लागते, सल राहतो. बघणारं कुणी लागत नाही.

अर्थात एकट्यालाही स्वतःची लाज वाटतेच. म्हणून हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१मध्ये मांडलेला भेद मला अधिक पटतो : अपराधभावात बोट कृतीकडे असतं, ‘मी हे वाईट केलं’, लाजेत स्वतःकडे, ‘मीच वाईट’. कृतीची माफी मागता येते, भरपाई करता येते. आपणच वाईट ठरलो, तर लपण्याखेरीज काय सुचणार? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं ते इथेच.

संस्कृतात लाजेतही पोटभेद आहेत. अमरकोश म्हणतो, ‘लज्जा साऽपत्रपाऽन्यतः’, म्हणजे दुसऱ्यामुळे वाटणारी लाज ती अपत्रपा. मराठीत हा शब्द रुळला नाही; त्याचं काम बिचाऱ्या ‘लाजे’च्याच गळ्यात, वर नवरीचं लाजणंही तिच्याचकडे.

शिवाय लाज ही जवळ बाळगायची चीज आहे. ती राखतात, सोडतात, काढतात. अख्ख्या घराण्याची घालवतासुद्धा येते. घराण्याची टोचणी कुणी ऐकली आहे? आणि गंमत बघा, ‘निर्लज्ज’ ही शिवी, ‘निरपराध’ हे मात्र प्रशस्तिपत्र!

आता तुमचा फोन. ‘अपराधी वाटतंय’ चूक नाही, पण मला ते भाषांतर केल्यासारखं लागतं. कामाच्या गडबडीत राहून गेला असेल, तर ‘रुखरुख’ पुरे. आईचं नाव दिसत असताना मुद्दाम उचलला नसेल, तर ‘मन खातंय’ म्हणा. ओशाळायची वेळ ती समोर बसून विचारेल तेव्हा येईल.