वर्गाबाहेरचा तास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट 38, शिक्षिका मी एकटीच. परिसर अभ्यासासाठी मैदानात नेले की मुले उधळतात. काय करावे?

उत्तर: मैदान मोठे, काम मोघम, मग मुले उधळणारच. प्रत्येक गटाला एक चौरस मीटर जागा नेमून द्या. सव्वाचार मीटर सुतळी घ्या, दर मीटरला गाठ मारा, उरलेली टोके बांधा आणि चार कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या ठोका. पाच जणांचे सहा गट, चौघांचे दोन. एक जण लिहील, एक चित्र काढेल, बाकीचे शोधतील. प्रश्न एकच, तोही वर्गातच फळ्यावर लिहा: ‘तुमच्या चौकोनात किती प्रकारची पाने आहेत?’ बाहेर 20 मिनिटे पुरेत; पुढे सुतळीवरून उड्या सुरू होतात.

घोळ होतो तो नावांपाशी. ‘बाई, हे काय?’ म्हटल्यावर आपण नाव सांगून टाकतो आणि मुलांचे बघणे तिथेच थांबते. ‘पान 1’, ‘पान 2’ असे लिहू द्या. नावे घरी आजीला विचारून दुसऱ्या दिवशी आणू देत. जागा आदल्या दिवशी पाहून ठेवा. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, तेव्हा ते असेल तिथे बसवू नका. दगडाखाली हात घालायचा नाही, हे निघतानाच बजावा. तोच चौकोन सप्टेंबरात आणि डिसेंबरात पुन्हा मोजा. जुलैत वीतभर असलेला टाकळा तोवर शेंगा धरून वाळलेला असतो.

प्रश्न: केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वर्गाबाहेरच्या तासाचा विषय शिक्षकांसमोर घ्यायचा आहे. स्लाइड लावल्या की शिक्षक मोबाइल काढतात. काय घेऊ?

उत्तर: सावली घ्या; महिना ऑक्टोबर ते फेब्रुवारी, कारण पावसाळ्यात ढग दगा देतात. आधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: सावली सर्वांत लहान किती वाजता? बहुतेक चिठ्ठ्यांवर 12 असेल.

सपाट अंगणात एक मीटरची काठी ओळंबा लावून ताठ रोवा. साडेअकराला सावलीच्या टोकातून काठीभोवती दोरीने वर्तुळ काढा. सावली आत सरकते आणि दुपारी पुन्हा वर्तुळाला टेकते. या दोन वेळांच्या बरोबर मध्ये खरा मध्यान्ह, म्हणजे सावली सर्वांत लहान असण्याची वेळ. मधल्या वेळात परिषदेचे बाकीचे विषय उरका. नुसती सर्वांत लहान सावली शोधू नका. डिसेंबरात पुण्याला ती सुमारे 90 सेंटिमीटर असते, पण मध्यान्हाच्या आगेमागे 10 मिनिटांत जेमतेम दोन मिलिमीटर बदलते आणि तिची कड तर त्याहून पुसट असते. काठी कलली किंवा अंगण उतरते असले, तर उत्तर हमखास चुकते.

आपली घड्याळे 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेली, पुणे 74 अंशांच्या जवळ, आणि एका अंशाला चार मिनिटे. म्हणून पुण्यात मध्यान्ह सरासरी 12:35 ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18, फेब्रुवारीच्या मध्याला 12:49. नागपुरात सरासरी 12:14.

चिठ्ठ्या परत वाटा. मग चौथीच्या वर्गाला हाच उपक्रम देताना विचारायचा प्रश्न प्रत्येकाकडून लिहून घ्या. दोन प्रश्न लिहिणाऱ्याला एक खोडायला लावा.