वाचकांचे प्रश्न : अपुरे काम घेऊन परिषदेला जावे का?

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यातील एका महाविद्यालयात गणितात एम.एस्सी. करते. ठाणे स्थानकातील पादचारी पुलावर संध्याकाळी होणाऱ्या गर्दीचे संगणकावर सिम्युलेशन, म्हणजे कृत्रिम नक्कल, करण्याचा प्रकल्प तिने घेतला आहे. गेल्या महिन्यात तिला ‘गणिती प्रारूपे (मॉडेल) आणि सिम्युलेशन’ या विषयावरील एका आंतरराष्ट्रीय परिषदेचे ई-मेलने निमंत्रण आले. निबंध पाठवल्यावर तीन दिवसांत स्वीकृती मिळेल आणि नोंदणीशुल्क बारा हजार रुपये असेल, असे त्यात म्हटले आहे. तिचे काम मात्र अजून पुरे झालेले नाही. तिने जावे का? आणि अशा परिषदांमध्ये नेमके काय चालते?
— एक पालक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘तीन दिवसांत स्वीकृती’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. निबंध त्या विषयातील जाणकाराने वाचायचा, त्याची समीकरणे तपासायची, शंका लिहून कळवायच्या आणि लेखकाने त्यांना उत्तरे द्यायची, एवढे सगळे तीन दिवसांत होत नाही. म्हणजेच तो निबंध कोणी वाचणार नाही, असे धरून चालावे, आणि जो निबंध कोणी वाचणार नाही त्यासाठी बारा हजार रुपये भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या विषयातील जुन्या परिषदांची रीत वेगळी आहे. न्यूयॉर्क येथे १९६७ साली सुरू झालेली ‘विंटर सिम्युलेशन कॉन्फरन्स’ डिसेंबरात भरते, पण तिच्यासाठीचे निबंध कित्येक महिने आधी मागवून ते परीक्षकांकडे पाठवले जातात. गणिती प्रारूपांवरची व्हिएन्नाची ‘मॅथमॉड’ परिषद १९९४ पासून साधारण दर तीन वर्षांनी होते. उपयोजित गणिताची जागतिक परिषद १९८७ साली पॅरिसमध्ये प्रथम भरली. ती चार वर्षांतून एकदाच होते आणि २०२३ साली ती टोकियोत झाली. आपल्याला आलेल्या निमंत्रणात समितीवर ज्या प्राध्यापकांची नावे आहेत, त्यांपैकी एक-दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मुलीने किंवा तिच्या मार्गदर्शकांनी विचारून पाहावे. आपले नाव तेथे छापले गेले आहे, हे त्यांना माहीत नसण्याचीही शक्यता असते.

परिषदेत निमंत्रितांची मोठी व्याख्याने होतात, वेगवेगळ्या दालनांत एकाच वेळी पंधरा-वीस मिनिटांची सादरीकरणे चालू असतात आणि भिंतीवर पोस्टर लावून विद्यार्थी त्याच्याशेजारी उभे राहतात. नवख्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त पोस्टरपाशी मिळते, कारण तेथे थांबणारा माणूस खरोखर उत्सुकतेने थांबलेला असतो आणि घाईत नसतो.

काम अपुरे असण्याची चिंता मात्र आपण सोडावी. ऑक्सफर्डमध्ये १९६८ साली उद्योगांसाठीचे अभ्यासगट सुरू झाले आणि ती पद्धत पुढे अनेक देशांत रुजली. कारखान्यातील माणसे पहिल्या दिवशी आपली अडचण मांडतात, गणितज्ञ आठवडाभर गटागटाने फळ्यासमोर बसतात आणि शेवटच्या दिवशी जेवढे उमगले तेवढे सांगतात. तेथे पुरे झालेले काम घेऊन कोणी येतच नाही. प्रारूप अपुरे असले तरी चालते. त्यात काय गृहीत धरले आहे, हे लपलेले चालत नाही.

गृहीत धरलेले उघडपणे सांगण्याचे उदाहरण आपल्या शेजारच्या मुंबईचेच आहे. साथीच्या रोगांच्या गणितात आजही पायाभूत मानला जाणारा निबंध करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी मॅकेन्ड्रिक यांनी भारतीय वैद्यकीय सेवेत काम केले होते. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याच्या आकड्यांवर त्या दोघांनी आपल्या समीकरणातून काढलेला वक्र बसवून दाखवला आणि तो चांगला बसला. एवढ्यावर ते थांबू शकले असते. पण त्यांनी त्याच ठिकाणी लिहून ठेवले, की माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, बेटावरील सर्व उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखीच होती आणि संसर्गाचे दर साथभर बदलले नाहीत असे आपण धरले आहे, आणि यांपैकी एकही गोष्ट काटेकोरपणे खरी नसल्यामुळे आपले समीकरण अगदी ढोबळ आहे. ज्या वक्रामागे हजारो माणसांचे मृत्यू आहेत, त्याच्याबद्दल इतके प्रामाणिकपणे लिहिलेले वाचले की मला त्या दोघांविषयी फार आदर वाटतो, आणि आपल्या मुलीने तो परिच्छेद मुळातून वाचावा असे मनापासून वाटते.

तिच्या पुलाकडे वळू. स्थानकावर माणसे एकेक करून येत नाहीत, लोकल थांबली की लोंढा येतो. तेव्हा प्रवासी संथपणे येत राहतात असे तिने धरले असेल, तर तो प्रश्न तिला पहिल्याच मिनिटाला विचारला जाईल. सिम्युलेशन यादृच्छिक, म्हणजे फासा टाकल्यासारख्या कशाही येणाऱ्या, संख्यांवर चालते, म्हणून एकदाच चालवून मिळालेले उत्तर हा केवळ एक नमुना असतो. तिने ते अनेकदा चालवून सरासरीबरोबर चढउतारही दाखवावा. आज्ञावली (संगणकाचा प्रोग्रॅम) आपल्या मनासारखी चालते की नाही आणि प्रारूप खऱ्या पुलाशी जुळते की नाही, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिलीसाठी जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम हाताशी आहे : सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. समजा, मिनिटाला १२० माणसे पुलावर चढतात आणि प्रत्येकाला ओलांडायला सरासरी दोन मिनिटे लागतात, तर पुलावर सरासरी २४० माणसे असायला हवीत. संगणक दीर्घकाळ चालवूनही ४०० दाखवत असेल, तर चूक आज्ञावलीत आहे. दुसरीसाठी तिला जिन्याच्या तोंडाशी उभे राहून मोजणी करावी लागेल आणि निदान एका संध्याकाळचे आकडे प्रारूप बसवताना न वापरता बाजूला ठेवावे लागतील, म्हणजे प्रारूपाचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहता येईल.

हे काम प्रथम तिच्या विभागातील चर्चासत्रात मांडावे. पवईच्या आयआयटीत किंवा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयावरची कोणती व्याख्याने ऐकता येतील, याची चौकशी तिच्या मार्गदर्शकांनी करावी. ठाण्याहून पवई तर जवळच आहे. आलेल्या निमंत्रणाबाबत अजूनही मन द्विधा असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तिने आयोजकांना दोनच गोष्टी लिहून विचाराव्यात : निबंध कोण तपासणार आहे, आणि प्रत्येक सादरीकरणानंतर प्रश्नांसाठी किती मिनिटे राखून ठेवली आहेत?