वाण मोजायला निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

गावोगावच्या पिकांचे वाण मोजण्यासाठीची तुझी प्रश्नावली वाचली. पहिल्याच ओळीत ‘कुटुंबप्रमुख’, आणि पुढचे सगळे प्रश्नही त्यालाच. अशाने गावातल्या वाणांचा आकडा मिळेल, पण अर्धवट. विक्रीचं पीक ज्याच्या हाती असतं तो उतारा आणि भाव बघून वाण ठेवतो. घरालगतच्या तुकड्यातल्या शेंगा, कंद, भाज्या तो बहुधा मोजतच नाही. त्याच्या लेखी ती शेतीच नव्हे. म्हणून एकाच घरात नवरा-बायको दोघांना वेगवेगळं गाठ. ‘वाण कोणते?’ याच्या आधी बी निवडतं कोण, साठवतं कोण, शिजवतं कोण, हे विचार.

रवांडात घेवडा हे मुख्यतः बायकांचं पीक. जमीन बघून त्या अनेक वाणांचं मिश्रण पेरतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शास्त्रज्ञांनी अशा जाणत्या शेतकरी बायकांना संशोधन केंद्रावर बोलावून वाण निवडायला सांगितले. त्यांनी निवडलेले वाण त्यांच्या शेतात शास्त्रज्ञांच्या निवडीपेक्षा सरस ठरले.

मात्र यावरून ‘स्त्री ही बियाण्यांची जन्मजात राखणदार’ असलं काही लिहू नकोस. (अहवालात अशी वाक्यं फार शोभतात.) ज्ञान येतं ते कामातून. मलावीतला कडू कसावा, म्हणजे तिथलं एक कंदपीक, घे. त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं जास्त, त्यामुळे चोर आणि जनावरं त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण खाण्याजोगा व्हायला तो सोलायचा, भिजत घालायचा, वाळवायचा, आणि हे बहुतेक बायकांच्याच वाट्याला. ते करायला कुणी उरलं नाही, तर वाणाबरोबर विष उतरवायचं कसबही जाईल. तेव्हा ‘जुने वाण जपा’ म्हणण्याआधी कष्ट कुणाचे, तेही मोज. कांडायला जड जातं म्हणून एखादीने वाण सोडला असेल, तर तिला दोष देऊ नकोस.

कामाची वाटणी गावागणिक वेगळी असते. पुरुष कामासाठी बाहेर पडले की तीही बदलते, म्हणून एका गावचा अंदाज दुसऱ्याला लावू नकोस.

सोबत सहकारी बाई ने. नावांच्या यादीवरून विचारू नकोस, बी समोर मांडून विचार; एकाच वाणाला दोन नावं असतात आणि एका नावाखाली दोन वाणही. १९९२ च्या जैवविविधता कराराच्या प्रास्ताविकात स्त्रियांच्या भूमिकेची दखल आहे, तुझ्या फॉर्मात मात्र माहिती सांगणारीचं नाव लिहायला रकानाच नाही. तो घाल, नाव तिला विचारूनच लिही, आणि नवा मसुदा मला पाठव.