टी सुरू केलंस? मनाचंही थोडं ऐक

भावा, ट्रान्स पुरुष म्हणून घेतलेल्या टीच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या, पहिल्या इंजेक्शनबद्दल मनापासून अभिनंदन! मिशीला अजून महिने लागतील, मन मात्र आधीच हलायला लागेल.

दर 2-3 आठवड्यांच्या इंजेक्शनमध्ये हार्मोनची पातळी आधी चढते, पुढच्या डोसच्या तोंडावर उतरते. त्या उतरत्या दिवसांत मी भाजीत मीठ कमी म्हणून आईवर खेकसायचो. कॅलेंडरवर डोसची तारीख आणि रोजचा मूड लिहायला लागलो, तेव्हा कुठे मेळ लागला. तूही आजपासूनच लिही.

- चिडचिड होते म्हणून डोस मनाने वाढवू नकोस. रक्त घट्ट होण्याचा धोका असतो.
- अनेकांना रडू येईनासं होतं. आजीच्या दहाव्याला माझे डोळे कोरडेच राहिले, आणि दुःख तर तेवढंच होतं. अशा वेळी कुणाशी तरी बोल.
- उदासी टिकली, झोप उडाली तर डॉक्टरांना लगेच सांग, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस.